कर्ण रिकामा असलेला तक्ता : मत्स्यटाकीतील सोबत ठरवणाऱ्या भिंतीतक्त्याविषयी

गोड्या पाण्याच्या घरगुती टाकीत कोणते मासे एकमेकांसोबत नांदतील, हे एका नजरेत सांगणारा रंगीत तक्ता टाक्या विकणाऱ्या बहुतेक ठिकाणी भिंतीवर टांगलेला दिसतो आणि कधी कधी तो नव्या टाकीच्या खोक्यातूनही मिळतो. माझ्याकडचा तक्ता असाच खोक्यातून निघाला. त्यावर छापणाऱ्याचे नाव आहे. परंतु याच आराखड्याचे तक्ते अनेक जण छापतात आणि पुढे सांगितलेले दोष त्या आराखड्याचे आहेत, म्हणून ते नाव येथे देत नाही. तीन वर्षे आणि दोन टाक्या, एक साठ सेंटिमीटर लांबीची सुमारे ५४ लिटरची आणि दुसरी १२० सेंटिमीटर लांबीची सुमारे २४० लिटरची, एवढा या तक्त्याच्या वापराचा अनुभव आहे. सुरुवातीला मी तो मुकाट्याने पाळला, मध्यंतरी त्याच्यावर चिडून तो गुंडाळून ठेवला आणि आता पेन्सिलीने दुरुस्त करून पुन्हा वापरतो आहे.

तक्त्याची रचना सोपी आहे. डाव्या बाजूला ३० नावे, वरच्या ओळीत तीच ३० नावे आणि दोन नावे जिथे मिळतात तिथे एक रंगीत चौकोन. हिरवा असेल तर खुशाल ठेवा, पिवळा असेल तर जपून ठेवा, लाल असेल तर ठेवू नका. ३० नावांच्या एकूण ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीला तक्त्याने उत्तर दिलेले आहे. अगदी नवख्या माणसाला हे वरदान वाटते, कारण दुकानात उभे असताना त्याच्यासमोर रंगीबेरंगी माशांच्या पंचवीस टाक्या असतात आणि डोक्यात एकही निकष नसतो.

तक्त्याचा लाल रंग विश्वासार्ह आहे. मोठा, शिकारी ऑस्कर आणि इवलासा गप्पी, भांडखोर फ्लॉवरहॉर्न आणि जवळजवळ कोणीही, लांब परांचा फायटर आणि पर कुरतडणारा टायगर बार्ब, या जोड्यांवर लाल चौकोन आहेत आणि ते तसेच असायला हवेत. गोल्डफिशच्या ओळीत उष्ण कटिबंधातील बहुतेक माशांपुढे लाल आहे, हेही योग्यच आहे. गोल्डफिशला १८ ते २२ अंश सेल्सिअसचे थंडसर पाणी मानवते, तर बहुसंख्य उष्ण कटिबंधीय माशांना २४ ते २६ अंशांच्या आसपासचे पाणी लागते. शिवाय गोल्डफिश खातो भरपूर आणि त्या प्रमाणात पाणीही लवकर खराब करतो. वाढल्यावर साध्या जातीचा गोल्डफिश वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि समोरचा छोटा टेट्रा त्याच्या तोंडात मावत असेल तर तो टेट्रा उरत नाही. इथे भांडणाचा प्रश्नच नाही, दोघांच्या गरजा मुळात वेगळ्या आहेत. तक्ता मात्र नुसते लाल दाखवतो, कारण सांगत नाही. कारण कळले असते तर त्याच कारणाने आणखी दहा चुका टळल्या असत्या.

लाल रंग एकाच ठिकाणी फाजील सावध आहे, ते म्हणजे नर फायटरच्या ओळीत. तिथे जवळजवळ सगळेच लाल आहे. वास्तविक चांगली झाडे असलेल्या पन्नासएक लिटरच्या टाकीत एक नर फायटर, तळाशी कोरीडोरास या लहान, मिशाळ माशांचा थवा आणि मधल्या थरात हार्लेक्विन रासबोरा ही सोबत पुष्कळदा सुखाने चालते. लांब शेपटीचे गप्पी आणि पर कुरतडणारे बार्ब त्याच्याजवळ नकोत, एवढे पथ्य पुरते. अर्थात फायटरचा प्रत्येक नर स्वभावाने वेगळा असतो, त्यामुळे त्याला हलवायला दुसरी लहान टाकी हाताशी असलेली बरी.

हिरव्या रंगाबद्दल मात्र माझी तक्रार मोठी आहे. एंजल आणि निऑन टेट्रा या जोडीवर तक्त्यात हिरवा चौकोन आहे. दोघेही ॲमेझॉनच्या खोऱ्यातले आणि दोघांनाही मऊ, म्हणजे कमी क्षारांचे, किंचित आम्लधर्मी पाणी आवडते, एवढ्यावरूनच तो हिरवा झाला असावा. मी रुपयाच्या नाण्याएवढी सहा एंजल आणि दहा निऑन मोठ्या टाकीत सोडले. पहिले काही महिने ते दृश्य इतके सुंदर होते की मी तक्ता छापणाऱ्याला मनोमन धन्यवादही दिले. पुढे निऑनची संख्या दहावरून आठ झाली, मग सहा, मग चार, आणि एकदाही मेलेला मासा तळाशी सापडला नाही. पाणी तपासले, औषधाचा विचार केला, झाकणाची फटदेखील पाहिली. एका सकाळी दिवा लावल्याबरोबर एका एंजलच्या ओठांतून निऑनची शेपटी बाहेर आलेली दिसली तेव्हा उलगडा झाला. पूर्ण वाढलेल्या एंजलचे शरीर पंधरा सेंटिमीटरपर्यंत जाते आणि निऑन तीन-साडेतीन सेंटिमीटरला थांबतो. अंगाने सडपातळ असा तो मासा एंजलच्या दृष्टीने नैसर्गिक भक्ष्य आहे. लहानपणापासून एकत्र वाढवले की ते एकमेकांना ओळखतात, असे दुकानात सांगितले जाते, त्यावर विश्वास ठेवू नये. एंजलसोबत टेट्रा हवाच असेल तर उंच, रुंद अंगाचा निवडावा.

हा दोष एका चौकोनाचा नाही. तक्ता माशाला कायम दुकानातल्या वयाचा समजतो. दुकानात मिळणारे बहुतेक मासे पोरवयातले असतात आणि खरेदी करणारा त्या आकाराला भुलतो. काचेला चिकटून बसणारा पाच सेंटिमीटरचा गोजिरवाणा सकर वर्ष-दोन वर्षांत वीतभर होतो आणि चांगल्या जागेत तीस-चाळीस सेंटिमीटर गाठतो. तक्त्यात त्याच्या ओळीत मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवा गालिचा पसरलेला आहे. तो कोणाला खात नाही हे खरे, पण त्याच्या विष्ठेचा भार सोसताना ५४ लिटरच्या टाकीतील पाणी आणि पर्यायाने सगळेच शेजारी हैराण होतात. लहान टाकीसाठी बारा-पंधरा सेंटिमीटरला थांबणारा ब्रिसलनोज हा त्याचा भाऊबंद पुष्कळ बरा, पण तक्त्यात त्याला स्वतंत्र जागाच नाही.

नावांचा हा घोळ अनेक ओळींत आहे. ‘शार्क’ अशी एकच ओळ आहे आणि त्या नावाखाली दुकानात निदान तीन वेगळे मासे विकले जातात. त्यांतला एकही खरा शार्क नाही, ही गोष्ट वेगळीच. बाला शार्क शांत असतो, पण त्याला थव्याने राहायचे असते आणि तो तीस सेंटिमीटरच्या पुढे वाढतो. लाल शेपटीचा काळा शार्क जेमतेम बारा-पंधरा सेंटिमीटरचा, पण आपल्या जागेबाबत इतका हट्टी की टाकीत त्याच्यासारखा दुसरा त्याला खपत नाही. आणि तिसरा पंगास हा मोठ्या नद्यांतला मासा असून निसर्गात तो एक मीटरहून लांब होतो. त्याला घरगुती टाकीत जागा देण्याचा विचारच चुकीचा आहे. एकाला सोबत हवी, दुसऱ्याला एकांत हवा, तिसऱ्याला नदी हवी आणि तिघांना मिळून तक्त्यात एक पिवळा रंग. गोरामींचेही तसेच आहे. मध गोरामी पाच सेंटिमीटरच्या आत राहतो आणि लाजाळू असतो, मोती गोरामी बारा सेंटिमीटरच्या आसपास वाढतो आणि साधारण शांत असतो, तीन ठिपक्यांचा गोरामी प्रौढपणी दांडगाई करतो आणि चुंबन घेणारा म्हणून ज्याचे कौतुक होते तो गोरामी तोंडाला तोंड लावतो ते बहुधा ताकद आजमावण्यासाठी. टेट्रांच्या ओळीत निऑनसोबत सर्पे आणि ब्लॅक विडोही कोंबलेले आहेत, आणि हे दोघे इतरांचे लांब पर कुरतडण्याबद्दल प्रसिद्ध आहेत.

आता कर्णाविषयी. तक्त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत, जिथे प्रत्येक मासा स्वतःलाच भेटतो, तिथले ३० चौकोन करड्या रंगाने भरून टाकलेले आहेत, जणू निऑनची निऑनशी गाठ हा विचारण्याजोगा प्रश्नच नाही. माझ्या मते संपूर्ण तक्त्यात सर्वांत महत्त्वाची जागा तीच आहे. सामुदायिक टाकीत होणारे पुष्कळसे तंटे दोन जातींमधल्या वैराचे नसतात. एका जातीची संख्या चुकलेली असते किंवा नर-मादीचे प्रमाण बिघडलेले असते आणि त्याचा उपद्रव दुसऱ्या जातीला पोहोचतो.

टायगर बार्बचे उदाहरण घ्यावे. मी सुरुवातीला तीनच आणले, कारण लहान टाकीत त्याहून जास्त मावणार नाहीत असे वाटले. टाकीत मोती गोरामीची एक जोडी आधीपासून होती आणि तक्त्यात या दोन जातींपुढे पिवळा रंग होता. पंधरा दिवसांत गोरामींच्या पोटाखालच्या लांब तंतूंचे तुकडे पडले आणि एका बार्बला उरलेल्या दोघांनी कोपऱ्यात डांबले. पुढे बार्बची संख्या दहा करून मी त्यांना मोठ्या टाकीत हलवले, गोरामी लहान टाकीतच ठेवले, आणि चित्र पालटले. बार्ब दिवसभर आपसांत पाठलाग करतात, कोण वरचढ हे ठरवत बसतात आणि झेब्रा डॅनिओसारख्या चपळ, आखूड परांच्या शेजाऱ्यांकडे त्यांचे लक्षही जात नाही. त्यांना आठ-दहाच्या टोळीत ठेवले तर त्यांची खोडी टोळीतच जिरते. लांब परांचा मासा तरीही त्यांच्यापाशी ठेवू नये, पण तीन बार्ब आणि दहा बार्ब हे जवळजवळ दोन वेगळे प्राणी आहेत, आणि तक्त्याच्या लेखी दोन्हींचा रंग सारखाच पिवळा.

गप्पींच्या करड्या चौकोनात मी पेन्सिलीने ‘एका नरामागे दोन-तीन माद्या, नाही तर नुसते नर’ असे लिहिले आहे. नर जास्त झाले तर ते माद्यांच्या मागे लागून त्यांना थकवून टाकतात. आणि दुकानातून आणलेल्या नुसत्या माद्यादेखील पिल्ले घालू शकतात, कारण एकदा मिळालेले शुक्राणू मादी काही महिने शरीरात साठवून ठेवते. साधारण महिन्यागणिक पिल्ले येऊ लागली की तीन महिन्यांपूर्वी नीट बसवलेला हिशेब कोलमडतो. निऑन, रासबोरा, कोरीडोरास यांच्या चौकोनांत ‘निदान सहा, जमल्यास दहा’ असे लिहिले आहे आणि कोरीडोराससमोर ‘एकाच जातीचे’ अशी भर घातली आहे. निरनिराळ्या रंगांचे दोन-दोन आणून थवा होत नाही. गोरामीच्या चौकोनात ‘ड्वार्फ गोरामी असेल तर लहान टाकीत एकच नर’. लाल शेपटीच्या शार्कसाठी तक्त्यात चौकोनच नव्हता, म्हणून समासात त्याचे नाव लिहून पुढे ‘एक’ असा आकडा टाकला.

एंजलच्या चौकोनात काय लिहावे हे मला बराच काळ ठरवता आले नाही. माझ्या सहांपैकी दोघांची जोडी जमली आणि त्यांनी एका रुंद पानावर अंडी घातली, त्या दिवसापासून १२० सेंटिमीटरची टाकी दोन भागांत वाटली गेली. एका भागात ती दोघे आणि उरलेल्या कोपऱ्यात बाकी सगळे. एरवी शांत म्हणून हिरव्या रंगाने माखलेले क्रिबेन्सिससारखे मासेही अंडी-पिल्ले राखू लागले की तळाशी फिरणाऱ्या कोरीडोरासशी त्यांचा छत्तीसचा आकडा होतो. विणीचा काळ हा तक्त्यात कुठेच नाही. शेवटी मी लिहिले, ‘चार-पाच पिल्ले आणा, जोडी जमली की बाकीच्यांची सोय बघा.’

पाण्याबाबत तक्ता फार घाईत आहे. खाली एक ओळ आहे, ‘तापमान २४ ते २८’, आणि सामू (पाणी किती आम्ल वा अल्क आहे त्याचे माप) किंवा कठीणपणा यांविषयी अक्षरही नाही. गप्पी आणि मोली यांना क्षारयुक्त, कठीण, किंचित अल्कधर्मी पाणी मानवते, तर निऑन मूळचा मऊ, आम्लधर्मी पाण्यातला. दोन्हींची जोडी तक्त्यात हिरवी आहे. मत्स्यपालन केंद्रांत वाढवलेले निऑन मध्यम कठीण पाण्याशी जुळवून घेतात, त्यामुळे ही जोडी लगेच फसत नाही. पण मोलीच्या प्रकृतीसाठी पाण्यात मीठ टाकण्याची जी सवय अनेकांना असते, ती टेट्रा आणि कोरीडोरास यांना सोसत नाही. माझा सल्ला असा की आधी घरच्या नळाचे पाणी कसे आहे ते साध्या चाचणीपट्टीने पाहावे आणि त्या पाण्याला साजेसे मासे निवडावे. माशांसाठी पाणी बदलत बसणे नवख्याला झेपत नाही. डिस्कस आणि निऑन ही आणखी एक हिरवी जोडी. डिस्कसला २८ ते ३० अंश लागतात आणि इतक्या उष्णतेत निऑन फार काळ तग धरत नाही. तिथे कार्डिनल टेट्रा चालतो. तो दिसायला निऑनसारखाच, पण त्याचा लाल पट्टा पोटाच्या पुढच्या भागापासून शेपटीपर्यंत सलग जातो आणि निऑनचा अर्ध्या अंगापासून सुरू होतो. कार्डिनल तक्त्यात नाही.

कोरीडोरास आणि शेवाळ खाणारे मासे यांच्या ओळींना तक्त्याने ‘सफाई करणारे’ असा शिक्का मारला आहे आणि त्या शिक्क्याने बरेच नुकसान होते. कोरीडोरास इतरांची विष्ठा खात नाही आणि उरलेल्या चाऱ्यावर त्याचे पोटही भरत नाही. त्याला तळाशी बुडणारा चारा स्वतंत्रपणे घालावा लागतो. मिशांनी तळ उकरणे हा त्याचा उद्योग असल्याने धारदार खडीपेक्षा बारीक वाळू बरी. त्याच्या परांना ताठ काटे असतात, म्हणून ऑस्करसारख्या मोठ्या सिक्लिडने त्याला गिळण्याचा प्रयत्न केला तर गिळणारा आणि गिळला जाणारा दोघेही मरू शकतात. तक्त्याने या जोडीला पिवळा रंग दिला आहे, तो लाल हवा होता. शेवाळखाऊंच्या ओळीत ऑटोसिंक्लस आणि चायनीज अल्गी ईटर यांना एकत्र धरले आहे, त्याला तर सरळ चूक म्हणावे लागेल. ऑटोसिंक्लस चार-पाच सेंटिमीटरचा निरुपद्रवी जीव आहे, त्याला मुरलेली, शेवाळ धरलेली टाकी लागते. चायनीज अल्गी ईटर वीस सेंटिमीटरच्या पुढे वाढतो, मोठेपणी शेवाळाचा कंटाळा करतो आणि एंजल किंवा डिस्कस यांच्यासारख्या चपट्या, संथ माशांच्या अंगाला चिकटून त्यांचा बुळबुळीत थर चोखतो.

पिवळ्या रंगाबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. ज्या गोष्टीची जबाबदारी घ्यायची नाही तिथे तक्त्याने पिवळा वापरला आहे.

एक सूचना मात्र तक्त्याच्या बाजूने. नव्या टाकीत पहिल्या महिन्या-दीड महिन्यात मासे मेले तर पुष्कळ जण शेजारी माशाला किंवा तक्त्याला दोष देतात. बहुतेक वेळा दोष पाण्यातल्या अमोनियाचा आणि नायट्राइटचा असतो, कारण त्यांचे रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. पाणी अल्कधर्मी असेल तर अमोनिया अधिक घातक ठरतो. अमोनियाने कासावीस झालेला मासा दबून राहतो किंवा चिडतो आणि आपल्याला ते वैर वाटते. त्यामुळे चाचणी केल्याशिवाय कोणाला हलवू नये.

हा तक्ता टाकीसोबत फुकट आला असेल तर टाकून देऊ नये. वेगळे पैसे मोजून घेण्याच्या योग्यतेचा तो नाही. पाचपैकी मी त्याला अडीच देईन आणि त्यातले दोन लाल रंगाचे. माझ्या लहान टाकीत आज दहा हार्लेक्विन रासबोरा, सहा पांडा कोरीडोरास आणि मध गोरामींची एक जोडी आहे. गोरामी वरच्या थरात, रासबोरा मध्ये, कोरीडोरास तळाशी असा प्रत्येकाचा मजला ठरलेला आहे आणि वर्षभरात एकही पर फाटलेला नाही. यातली प्रत्येक जोडी तक्त्यातही हिरवीच आहे. परंतु त्या तक्त्याच्याच हिरव्या रंगाने त्याच टाकीत एक सकर, दोन एंजल आणि तीन निऑन यांनाही परवानगी दिली असती, कारण टाकीचा आकार विचारणारा रकाना त्यात नाही आणि जोड्या जुळल्या की तक्त्याचे काम संपते.

छपाईबद्दल शेवटी. कागदावर प्लास्टिकचा थर आहे, तो पाण्याचे शिंतोडे सोसतो, पण खिडकीसमोरच्या भिंतीवर लावल्यास ऊन सोसत नाही. दोन वर्षांत पिवळे चौकोन पांढुरके झाले, हिरवे निळसर झाले आणि लाल सर्वांत आधी विटून फिक्या गुलाबीवर आले. चौकोनांत रंगाशिवाय दुसरी खूणही नाही, म्हणजे ज्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही त्यांना हा तक्ता पहिल्या दिवसापासून निरुपयोगी आहे. मी सगळ्या लाल चौकोनांवर काळ्या शाईने फुल्या मारल्या आणि तक्ता टाकीखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.